दिसलं, म्हणून शिक्षा

आमच्या समुपदेशन केंद्रात बुधवारी दुपारी मी बसते. आयपीएलचे दिवस होते. एक तरुण मुलगी आली होती. नवरा कारखान्यात परमनंट, पदरात दीड वर्षाची पोर. मारहाणीचं सगळं सांगून झालं, डोळे पुसून झाले, चहा झाला. मग एकदम म्हणाली, “ताई, ते टीव्हीवर खेळतात ना, त्यांच्यातल्या कुणी घरी बायकोवर हात उचलला तर त्याला टीममधून काढतात का हो?”

“का गं, असं का विचारलंस?”

“नाही, काढत असतील तर त्याची बायको कशाला तोंड उघडेल?”

तिची काळजी उघड होती. नवऱ्याच्या कंपनीत तक्रार गेली, त्याची नोकरी गेली, तर घरात पगार कुठून यायचा? हा हिशेब आमच्याकडे येणारी जवळपास प्रत्येक बाई मनात मांडूनच येते. पण तिने तो खेळाडूंना लावला आणि मी विचारात पडले. मला खेळातलं फारसं कळत नाही. आमच्याकडे आयपीएल सुरू झाली की रिमोट मुलाच्या आणि ह्यांच्या ताब्यात जातो, मी आपली ओट्यापाशी उभी राहून त्यांचा आरडाओरडा ऐकते. तरी म्हटलं, शोधू या. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं, मुलाचा कॉम्प्युटर आणि न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा, यांच्या मदतीने जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

सुरुवात भाच्याच्या राज्यातूनच करते. न्यू जर्सीत समुद्रकाठी अटलांटिक सिटी म्हणून गाव आहे, जुगाराच्या क्लबांसाठी प्रसिद्ध. १५ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे तिथल्या एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये रे राइस नावाच्या खेळाडूने आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारला. ती बेशुद्ध होऊन पडली. तिचं नाव जनेय पामर. दोघांना एक लहान मुलगी होती. राइस होता बाल्टिमोर रेव्हन्स या संघाचा मोठा खेळाडू. खेळ अमेरिकन फुटबॉल. आपल्या फुटबॉलशी त्याचा नावापुरताच संबंध, कारण त्यात बराच वेळ चेंडू हातातच असतो. त्यांची जी व्यावसायिक लीग आहे, एनएफएल, तिच्याभोवती तिकडची सगळी हिवाळ्याची सुट्टी फिरते. भाचा म्हणतो, “मावशी, आपल्याकडे क्रिकेट तसं हे.”

चार दिवसांनी एका बातमी-संस्थेने लिफ्टच्या बाहेरचं चित्रण दाखवलं. राइस बेशुद्ध जनेयला लिफ्टमधून ओढत बाहेर काढतो आहे, असं त्यात दिसत होतं. मार्चच्या शेवटी त्याच्यावर गंभीर मारहाणीचा आरोप ठेवला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी लग्न केलं. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं नाही. समुपदेशनाचा आणि देखरेखीचा कार्यक्रम पूर्ण करायचा, तो नीट पार पडला की आरोप मागे, अशी सोय तिथे आहे. तसं झालं, आणि वर्षभराने आरोप मागे घेतलेही गेले.

आता लीगने काय केलं ते बघा. २४ जुलैला शिक्षा जाहीर झाली: दोन सामने. सबंध मोसमात तेव्हा सोळा सामने असत, त्यातले दोन. त्याच उन्हाळ्यात जोश गॉर्डन नावाच्या दुसऱ्या एका खेळाडूला गांजाच्या चाचणीत सापडल्याबद्दल वर्षभर बाहेर बसवण्यात आलं. पुढे नियम बदलले म्हणून ती शिक्षा दहा सामन्यांवर आली, ते सोडा. पण गांजाला वर्ष आणि बायकोला बेशुद्ध पाडायला दोन सामने, हा दर ऐकून अमेरिकेतल्या बायका खवळल्या. बाल्टिमोरमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. त्या आठवड्यात राइस सरावाला मैदानावर उतरला तेव्हा जमलेल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

ओरड इतकी झाली, की ऑगस्टच्या अखेरीस लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी संघमालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकल्याचं कबूल केलं. यापुढे पहिल्या गुन्ह्याला सहा सामने आणि दुसऱ्या वेळी हकालपट्टी, असा नवा दर ठरला. राइसचे दोन सामने मात्र दोनच राहिले.

मग ८ सप्टेंबर उजाडला. त्याच बातमी-संस्थेने आता लिफ्टच्या आतलं चित्रण दाखवलं. ठोसा दिसला, तिचं डोकं कठड्यावर आपटताना दिसलं. काही तासांत रेव्हन्सने राइसला काढून टाकलं आणि लीगने त्याला बेमुदत निलंबित केलं. संघाने लोकांना सांगितलं, राइसच्या नावाचा टी-शर्ट आणा आणि दुसऱ्या खेळाडूच्या नावाचा बदलून घेऊन जा. हजारो लोक रांगा लावून बदलून घेऊन गेले. (आणि त्याच आठवड्यातल्या सामन्याला काही बायका मुद्दाम राइसच्या नावाचा शर्ट घालून गेल्या होत्या, हेही खरं.)

मी हे वाचलं आणि थांबले. फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात घडलेलं काय बदललं होतं? तीच लिफ्ट, तीच पहाट, तोच ठोसा. बाहेरच्या चित्रणात बाई बेशुद्ध आहे. ती लिफ्टमध्ये आपोआप बेशुद्ध पडली, असं कुणाला वाटलं होतं का? लीगचं म्हणणं, आम्हाला नेमकं काय घडलं ते ठाऊक नव्हतं, राइसने आम्हाला वेगळं सांगितलं. त्यावर राइसने दाद मागितली. निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि नोव्हेंबरमध्ये निकाल दिला, की राइस खोटं बोललेला नाही, आणि एकाच कृत्याबद्दल त्याला दुसऱ्यांदा शिक्षा करणं मनमानी आहे. बेमुदत निलंबन रद्द झालं. म्हणजे जूनमध्येच लीगला पुरेसं कळलेलं होतं. सप्टेंबरमध्ये ते फक्त सगळ्या देशाने पाहिलं.

या सगळ्यात जनेय कुठे होती? दोन ठिकाणी. एक म्हणजे २३ मे रोजी रेव्हन्सने घेतलेल्या पत्रकार परिषदेत, नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर. तिथे तिने त्या रात्रीच्या प्रकारात आपलाही जो वाटा होता त्याबद्दल खेद व्यक्त केला. संघाने ते वाक्य लगेच आपल्या अधिकृत खात्यावरून जगाला कळवलं, आणि सप्टेंबरमध्ये आतलं चित्रण बाहेर आल्यावर गुपचूप पुसून टाकलं. पुढे एका टीव्ही मुलाखतीत जनेयने सांगितलं, की काय बोलायचं याचा साधारण आराखडा संघानेच दिला होता. नवऱ्याची प्रतिमा, त्याचं करिअर सावरायला जे लागेल ते करायची तिची तयारी होती, म्हणून ती बोलली.

दुसरं ठिकाण अधिक गंभीर आहे. १६ जूनला गुडेल यांनी राइसला न्यूयॉर्कला बोलावलं, शिक्षा ठरवण्यासाठी. त्या बैठकीत जनेयही होती. नवऱ्यासोबत, एकाच खोलीत, संघाचे आणि लीगचे बडे अधिकारी समोर. तिथे ती नवऱ्याच्या बाजूने बोलली.

इथे मला माझं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्या कामात पहिल्या दिवशी जी गोष्ट शिकवतात ती ही, की बाईशी बोलायचं ते तिला एकटीला बसवून. सासू, दीर, नवरा, मामा, सगळे तिच्यासोबत आत शिरू बघतात. “आम्ही घरचेच आहोत, आमच्यासमोर बोलू दे की.” त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं, दार लावायचं. चार वर्षांपूर्वी एक बाई आली होती. नवऱ्यासमोर म्हणाली, “माझंच चुकलं मॅडम, मी उलट बोलले.” नवरा बाहेर गेल्यावर तिने मुकाट्याने पदर बाजूला केला. दंडावर उलथन्याचा चटका होता, जेमतेम दोन दिवसांचा. एकच बाई, एकच खोली, फक्त दार लावलेलं. आमच्यासारख्या मानधनावर काम करणाऱ्या बायकांना जे ठाऊक आहे, ते हजारो कोटींचा व्यवहार करणाऱ्या, दिमतीला वकिलांची फौज असणाऱ्या लीगला ठाऊक नसावं?

दुसरा व्हिडिओ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी जनेयने जाहीरपणे जे लिहिलं त्याचा आशय असा होता, की तुम्ही माझ्या नवऱ्याची आयुष्यभराची मेहनत हिरावून घेतलीत, आमच्या आयुष्यातला एक वाईट क्षण आम्हाला पुन्हा पुन्हा जगायला लावलात. अनेकांना तिचा राग आला. मला आला नाही. तिच्या जागेवरून बघा. तो ठोसा खाल्ला तिने. त्याचं चित्रण बघितलं साऱ्या जगाने, तिला न विचारता. आणि दंड म्हणून मिळकत गेली ती तिच्याच घरातली. तीन बाजूंनी मार पडला, आणि त्यातला नवऱ्याने दिलेला एकच.

रे राइस त्यानंतर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. यावरून कुणाला वाटेल, चला, शेवटी धडा मिळाला. पण भाच्याने एक बारीक गोष्ट सांगितली. राइसचा आधीचा मोसम फारच वाईट गेला होता. चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूचं वय सत्तावीस झालं की तसंही उतरणीला लागतं. त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

ज्याच्यावाचून अडतं त्याचं काय होतं? ग्रेग हार्डी हा कॅरोलिनाच्या संघाचा धिप्पाड बचावपटू. २०१४ च्या जुलैमध्ये न्यायाधीशांनी त्याला मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्याने ज्यूरीसमोर नव्याने खटला मागितला, तो त्या राज्यात हक्क आहे. खटला उभा राहीपर्यंत ती बाई साक्षीला यायची बंद झाली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आरोप मागे घेतले गेले. मधल्या मोसमात हार्डी घरी बसून होता, पण पगारी. एक कोटी एकतीस लाख डॉलर. प्रकरण मिटल्यावर पुढच्याच महिन्यात डॅलस काउबॉइज या नामांकित संघाने त्याच्याशी नवा करार केला. लीगने दहा सामन्यांची बंदी घातली ती अपिलात चारवर आली.

जोश ब्राऊनची गोष्ट वाचून तर मी पुस्तक मिटल्यासारखा कॉम्प्युटर बंद केला. हा न्यूयॉर्क जायंट्स संघाचा किकर. मे २०१५ मध्ये बायकोच्या तक्रारीवरून अटक झाली. वीसहून अधिक वेळा मारहाण झाल्याचं तिने पोलिसांना सांगितलं होतं. आरोप पुढे टिकले नाहीत. संघाने २०१६ मध्ये त्याच्याशी नवा करार केला, आणि लीगने शिक्षा दिली एका सामन्याची. सहा सामन्यांचा नवा नियम होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लीग म्हणाली, बायकोने आम्हाला सहकार्य केलं नाही. त्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांकडची कागदपत्रं खुली झाली. त्यात ब्राऊनने स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली निघाली. शिवाय हेही निघालं, की लीगच्याच एका कार्यक्रमासाठी खेळाडू सहकुटुंब हवाईला गेले असताना तो दारूच्या नशेत बायको-मुलांच्या खोलीचं दार ठोठावत राहिला, आणि लीगच्या सुरक्षारक्षकांनी तिला मुलांसह दुसरीकडे हलवलं, असं तिने पोलिसांना सांगितलं होतं. म्हणजे रात्री दार ठोठावताना बाईला हलवायला लीगची माणसं होती, आणि सकाळी ‘सहकार्य नाही’ म्हणायलाही तीच होती. कागद बाहेर आल्यावर संघाने त्याला काढलं. मालकांपैकी एकाने रेडिओवर सांगितलं, की त्याने मारहाण केल्याचं आम्हाला कबूल केलं होतं, फक्त ती किती केली हे स्पष्ट नव्हतं.

किती! आमच्या भागातले पुढारीही अगदी हेच विचारतात हो. “किती मारलं? टाके पडले का?”

बेसबॉलची लीग याबाबतीत थोडी शहाणी निघाली. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी खेळाडूंच्या संघटनेबरोबर बसून घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार आणि मुलांवरचे अत्याचार यासाठी एक धोरण केलं. कोर्टात गुन्हा शाबीत व्हायची वाट बघायची नाही, लीग स्वतः चौकशी करेल, आणि चौकशीपुरती खेळाडूला पगारी रजा. ‘कोर्टाची वाट बघायची नाही’ हे ऐकायला अन्यायाचं वाटतं. पण घरातल्या मारहाणीला साक्षीदार कोण? ती स्वतः. आणि तीच माघार घेते, कधी भीतीने, कधी मुलांसाठी, कधी पैशासाठी. केस सुटली म्हणजे घडलं नाही असं थोडंच असतं.

त्या धोरणाखाली पहिली शिक्षा झाली अरोल्डिस चॅपमन या गोलंदाजाला. (बेसबॉलवाले त्याला पिचर म्हणतात.) मैत्रिणीने पोलिसांना सांगितलं होतं, की त्याने तिचा गळा दाबला. नंतर त्याने गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या आठ गोळ्या झाडल्या. गळा दाबल्याचं त्याने नाकारलं, गुन्हाही दाखल झाला नाही, तरी मार्च २०१६ मध्ये तीस सामने बाहेर बसवलं. इथपर्यंत ठीक. पण त्याच्या आधीच्या डिसेंबरातली गोष्ट ऐका. ही बातमी फुटली तेव्हा त्याचा एका संघाशी ठरत आलेला सौदा फिसकटला, आणि न्यूयॉर्क यांकीजने त्याला उचललं. यांकीजच्या व्यवस्थापकाने मोकळेपणी सांगितलं, की या प्रकरणामुळे भाव उतरला होता, आम्ही संधी साधली. बाजारात मार लागलेले आंबे कमी दराने घ्यावेत तसं. फक्त मार लागला होता तो दुसऱ्याच कुणाला! जुलैत यांकीजने तोच खेळाडू शिकागोच्या संघाला चार खेळाडूंच्या बदल्यात दिला, शिकागोने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, आणि डिसेंबरात यांकीजने त्याला पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलरना परत घेतलं.

दुसरी बाजूही सांगते, नाही तर एकतर्फी होईल. सगळे खेळाडू मारकुटे नसतात आणि आरोप झाला म्हणजे तो खराच असंही नसतं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जब्रिल पेपर्सला ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच आरोपावरून पगारी रजेवर बसवलं, काही आठवड्यांनी परत खेळू दिलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पगारी रजेची पद्धत मला म्हणूनच बरी वाटते. निर्दोष असला तर त्याचं फार बिघडत नाही, आणि तक्रार केली म्हणून घरातली चूल विझत नाही.

२०१४ च्या डिसेंबरनंतर एनएफएलनेही हीच वाट धरली. स्वतःचं तपास पथक नेमलं, आणि वकिली करताना असे गुन्हे हाताळलेल्या एका बाईंना तिथे बसवलं. खेळाडूंच्या संघटनेने हिंसाचारावर एक समिती नेमली. त्या समितीवर जॉर्जटाउन विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापिका डेबोरा एप्स्टाइन होत्या. त्यांनी खेळाडूंच्या बायकांशी बोलून अभ्यास केला, सूचना केल्या. काहीच हललं नाही, आणि २०१८ मध्ये त्यांनी राजीनामा देऊन वर्तमानपत्रात लिहिलं, की ही नुसती तोंडदेखली कामं आहेत. समिती नेमायची, बाई बसवायची, अहवाल कपाटात. हे काही मला नवीन वाटलं नाही. तुम्हाला वाटलं का?

आणि हा विषय कागदोपत्री चर्चेचा नाही, याची आठवण म्हणून एकच तारीख लिहिते. १ डिसेंबर २०१२. कॅन्सस सिटी चीफ्सच्या जोव्हान बेल्चरने आपली मैत्रीण कॅसॅन्ड्रा पर्किन्स हिला घरात गोळ्या घातल्या, मग संघाच्या सराव-केंद्रापाशी जाऊन स्वतःला संपवलं. ती बावीस वर्षांची होती, मुलगी तीन महिन्यांची. दुसऱ्या दिवशीचा सामना ठरल्याप्रमाणे झाला.

आता आपल्याकडे येऊ. मार्च २०१८ मध्ये क्रिकेटपटू मोहम्मद शमी याच्यावर त्याची पत्नी हसीन जहाँ यांनी मारहाणीचे आणि छळाचे आरोप केले. शमीने ते नाकारले, ते आजवर सिद्ध झालेले नाहीत, त्यामुळे खरं-खोटं मी ठरवणार नाही. मला बघायचं होतं ते मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या आपल्या क्रिकेट मंडळाने काय केलं ते. मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखला. छान, असं वाटलं. पण चौकशी सोपवली कुणाकडे? भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे. कारण हसीन जहाँ यांच्या आरोपांत पैशांच्या देवघेवीचाही एक आरोप होता. पथकाने तेवढाच तपासला, त्यात काही आढळलं नाही, आणि २२ मार्चला शमीला तीन कोटींचा ‘ब’ श्रेणीचा करार मिळाला. पुढच्या महिन्यात तो आयपीएल खेळला. मारहाणीच्या आरोपाची मंडळाने स्वतः चौकशी केली नाही, तो भाग पोलीस आणि कोर्टावर राहिला.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बायकांबद्दल अचकटविचकट बोलले. मंडळाने दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं, निलंबित केलं, पुढे वीस-वीस लाखांचा दंडही झाला. बरंच झालं. पण ते बोलणं साऱ्या देशाने टीव्हीवर ऐकलेलं होतं. अटलांटिक सिटीतल्या लिफ्टचंच हे गणित झालं. जे दिसतं-ऐकू येतं त्यावर झटपट कारवाई, आणि दाराआडचं ‘खासगी’.

“मग काय, सरळ काढून टाकायचं का?” ह्यांनी मला जेवताना विचारलं. मी म्हटलं, नाही. कारण केंद्रात आलेल्या त्या मुलीचं म्हणणं मला पटलेलं आहे. शिक्षा जितकी मोठी तितकं बायकोचं तोंड घट्ट बंद. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूची कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षांची असते, म्हणतात. तेवढ्यात जन्माची कमाई करायची असते, आणि निलंबनाच्या सामन्यांचा पगार मिळत नाही. घरात दुसरं कुणी मिळवतं नसलं तर नवऱ्याचे सहा सामने म्हणजे बाईच्या संसारातले सहा आठवडे. त्यामुळे लीग असो की मंडळ, मी त्यांच्याकडे आधी शिक्षेचा दर मागणार नाही. आधी हे मागेन, की बायकोने फोन करायचा तर संघाबाहेरच्या, मालकाच्या पगारावर नसलेल्या कुणाला तरी करता यावा. तिचं म्हणणं नवऱ्याला बाहेर बसवून, दार लावून ऐकलं जावं. आणि चौकशी चालू असताना, शिक्षा झाल्यावरही, घरखर्चाचा तिचा वाटा तिच्या हातात पडावा. हे झालं की मग करा सहा सामने, नाही तर साठ.

हा तिसरा मुद्दा हवेतला वाटेल, पण आपल्या कायद्यात तो आहे. अमेरिकेतल्या लीगना ज्याची धडपड करावी लागते आहे, ते आपल्याकडे २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लिहिलेलं आहे. मैत्रिणींनो, हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तरी अजूनही बायका आमच्याकडे येऊन म्हणतात, “केस नको, त्याची नोकरी जाईल.” त्यांच्या मनात असतं ४९८-अ, म्हणजे पोलीस, अटक. (२०२४ च्या जुलैपासून ते कलम नव्या न्याय संहितेत ८५ आणि ८६ क्रमांकावर गेलं आहे.) २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतः थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. राहत्या घरातून काढू नये, मारहाण करू नये, खर्चाला पैसे द्यावेत, असे आदेश मिळतात. अटकेचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडला तर. आणि कलम २० मध्ये एक पोटकलम आहे, सहावं. नवऱ्याने ठरलेले पैसे दिले नाहीत, तर मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला हुकूम करू शकतात, की त्याच्या पगारातला अमुक हिस्सा परस्पर बायकोला द्या. मालक म्हणजे कारखाना असो, शाळा असो, की क्रिकेटचा संघ. नुसता मालकच नाही, नवऱ्याचं देणं लागत असलेल्या कुणालाही.

वेळ लागतो, हे मात्र खरं. हसीन जहाँ यांनी अर्ज केला २०१८ मध्ये. त्यांना दरमहा दीड लाख आणि मुलीला अडीच लाख अंतरिम पोटगी द्यावी, असा आदेश कोलकाता उच्च न्यायालयाने दिला जुलै २०२५ मध्ये. सात वर्षं. कारखान्यातल्या कामगाराच्या बायकोला सात वर्षं कशी परवडणार, म्हणून आम्ही पहिल्याच अर्जात अंतरिम आदेश मागायला सांगतो.

अर्जासोबत नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी असली तर उत्तम. नसली तरी अडत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही आपापल्या मिळकतीचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ओव्हरटाइम किती, भिशी किती, दुसरं खातं कुठल्या बँकेत, हे नवरे सहसा सांगत नाहीत, तेव्हा त्याच्या कंपनीचं नाव-पत्ता आणि तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं लिहून न्यावं. क्रिकेटपटूच्या बायकोला या एका बाबतीत सोपं आहे. तिच्या नवऱ्याला आयपीएलमध्ये काय मिळतं ते लिलावात हातोडा आपटून सगळ्या देशासमोर पुकारलेलं असतं.